मेंढरं वळली तर शीळ

आमच्या भाऊजींइतक्या शिव्या खाऊन कलावंत झालेला माणूस साऱ्या पृथ्वीच्या पाठीवर दुसरा सापडायचा नाही. गाणाऱ्याला लोक दाद देतात, दाद नाही दिली तर जांभई तरी देतात. पण आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात शीळ घालणाऱ्याला आधी मिळतो तो "कोण रं त्यो मवाली?" हा सवाल, आणि उत्तर द्यायला उशीर झाला तर पायताण. भाऊजींनी ह्या दोन्हींच्या जिवावर उभं आयुष्य शीळ घातली. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. कळंबला ऊस आणि थोडं डाळिंब, भवानीनगरच्या साखर कारखान्यात नोकरी, घरात शिस्तीची बायको आणि ओठांवर सदैव शीळ. चहाचा घोट घ्यायला, जेवायला आणि साहेबांशी बोलायला तेवढे ओठ मोकळे करायचे, आणि साहेबांच्या बाबतीत तेही पुरतं नाही. एकदा साहेब उसाच्या नोंदींवरून सगळ्यांना तासत असताना भाऊजींनी मधेच एक लांब, उतरत जाणारी शीळ घातली. साहेबांना वाटलं, आपली टिंगल चाललीय. खरं तर साहेबांच्या रागाची पट्टी भाऊजींना इतकी आवडली होती की त्यांनी नकळत तिला साथ दिली होती. हे साहेबांना पटवून द्यायला आमच्या ह्यांना भवानीनगरपर्यंत जावं लागलं.

माझी आणि त्यांची ओळखच मुळी अशी झाली. मला बघायला पाहुणे आमच्या बारामतीच्या घरी आले होते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर पाऊल टाकते न टाकते तोच ओसरीवरून सणसणीत शीळ आली. माझ्या हातातल्या बशा वाजल्या. वडील उठले आणि कोपऱ्यातली काठी शोधू लागले. नवऱ्या मुलाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. ओसरीवर एक काटकुळा तरुण मान वर करून विजेच्या तारेकडे बघत उभा होता. वडील काठी घेऊन समोर आले तरी त्याची मान खाली आली नाही. "तारंवर बुलबुल बसलाय," तो अगदी शांतपणे म्हणाला. "मगाधरनं इचारतोय. जबाब द्याया नको व्हय?" तेवढ्यात तारेवरून खरोखरच उत्तर आलं, आणि वडिलांची काठी खाली गेली. पुढे लग्न ठरलं. ते माझ्या पोह्यांमुळे ठरलं असं माहेरची मंडळी समजतात. मला मात्र वाटतं, त्या बुलबुलानं साक्ष दिली नसती तर मी आज दुसऱ्याच कुणाच्या घरात असते.

भाऊजींच्या शिळेत काय नव्हतं! लग्नातल्या बँडची सनई-क्लॅरिनेट होती, भारद्वाज होता, उसाच्या तुऱ्यांतून संध्याकाळी फिरणारा वारा होता, लांबच्या वळणावर गिअर बदलणाऱ्या ट्रकचा उसासा होता. जाऊबाईंच्या स्वयंपाकघराशेजारी बसून ते कुकरची शिट्टी इतकी हुबेहूब काढत की त्या माउलीनं कितीतरी वेळा गॅस बंद केला आणि घरादारानं कितीतरी वेळा अर्धकच्चा भात खाल्ला. जाऊबाई कपाळावर हात मारत, "अवो, पोरींची लग्नं झाली, जावई आल्यात, आता तरी तोंड मिटा!" म्हणत. भाऊजी तोंड मिटत, आणि मिटल्या तोंडातून बारीक सुरू होई. पण कधीमधी, दुपार कलल्यावर, शेताच्या बांधावर ते एकटेच असले आणि कुणी ऐकत नाही अशी त्यांची खात्री पटली की एक वेगळीच शीळ यायची. तिला चाल अशी नव्हतीच. सुरुवातीला लांबवर हाक मारल्यासारखी वर जायची, तिथे जरा रेंगाळायची आणि मग उतारावरून पाणी यावं तशी हळूहळू खाली यायची. ती ऐकताना कालव्याचं पाणी थांबल्यासारखं वाटे, हातातलं काम हातात राही, आणि आपण कुठेतरी फार लांब, कुणीतरी वाट बघत असलेल्या ठिकाणी परत निघालो आहोत असं वाटत राही. त्या शिळेपायी माझं दोनदा दूध उतू गेलं आहे आणि मला त्याचं काहीही वाईट वाटलेलं नाही.

ती शीळ आबांची होती. आबा म्हणजे भाऊजींचे वडील. त्यांच्या तरुणपणी घरचा मोठा कळप होता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत माघारी यायचं. जुनी माणसं सांगतात, आबा टेकडीवर उभे राहून जिभेखाली दोन बोटं घालत, आणि पलीकडच्या उतारावर पांगलेली मेंढरं एकदम माना वर करून वळत. लहानगे भाऊजी कळपामागे चालत तेवढं शिकले. मग कालव्याचं पाणी फिरलं, जिकडेतिकडे ऊस झाला, चराईच्या वाटा बुजल्या आणि आबांनी कळप विकला. त्या दिवसापासून त्यांनी शीळ घातली नाही. मुलाची शीळ मात्र रोज ऐकली आणि एकदाही बरी म्हटली नाही. कुणी भाऊजींचं कौतुक केलं तर आबा कालव्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसल्या बसल्या थुंकत आणि म्हणत, "मेंढरं वळली तर शीळ. न्हायतर नुसता वारा." भाऊजी हसून सोडून देत. पण मी पाहिलं आहे, त्यानंतरचा तासभर ते शीळ घालत नसत.

तर अशा माणसाच्या दारात विलायत आली ती उजनी धरणाच्या पाण्याकडून. थंडीत तिकडे परदेशी पक्षी उतरतात आणि त्यांच्या मागोमाग परदेशी माणसं. अशीच एक गोरी बाई कानाला यंत्र लावून पक्ष्यांचे आवाज टिपत हिंडत होती. भाऊजी कुठल्याशा पाहुण्याच्या उसात होते. बाईला एक आवाज आला जो तिच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. ती आनंदानं वेडी झाली, दबकत दबकत चिखलातून निघाली आणि अर्ध्या दुपारी उसाची पानं बाजूला सारून बघते तो काय, बनियनवर बसून भाकरी खाणारे आमचे भाऊजी. दुसऱ्या कुणी बाईनं आरडाओरडा केला असता. ही बाई तिथेच बांधावर बसली आणि हातवारे करून म्हणाली, पुन्हा करा. उभ्या आयुष्यात भाऊजींना "पुन्हा करा" असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी ऊन उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा केलं. बाई निघाली नाटकांसाठी आवाज तयार करणारी. तिच्या मंडळींना धनगरांच्या जीवनावरचं, नुसत्या आवाजांचं एक मोठं नाटक करायचं होतं, आणि दोन वर्षं भाऊजींनी विलायतेत येऊन काम करावं असा तिचा हट्ट होता. फक्त त्यासाठी व्हिसा लागणार होता, आणि तोही साधासुधा नाही, विलक्षण प्रतिभा असलेल्या माणसांना देतात तो.

हे सगळं इंग्रजी माझ्यासमोर येऊन पडलं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि त्यामुळे आमच्या सगळ्या गोतावळ्याचा असा समज आहे की विलायतेचा कारभार माझ्या सल्ल्यानं चालतो. भाऊजी मोटारसायकलवरून बारामतीला आले, हातातली डाळिंबाची पिशवी ठेवली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी विचारलं, "भाऊजी, खरंच जायचंय? ह्या वयात?" ते खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "वहिनी, तिथं म्हणं अंधार करत्यात, अन हजारभर माणूस गप बसतं. अन मग शीळ घालायची. कुणी हाड म्हणत न्हाय. एकदा तरी तसं बघायचंय." त्यांच्या डोळ्यांत तो अंधार आत्ताच झाला होता. मी कागद पुढे ओढले.

विलक्षण प्रतिभा आपल्यात आहे हे सिद्ध करणं ही जगातली सगळ्यात विचित्र गोष्ट आहे. तिथे लिहिलं होतं की अर्जदाराच्या कलेची वर्तमानपत्रांनी दखल घेतलेली असावी. भाऊजींनी जपून ठेवलेलं एक कात्रण काढलं. त्यात जत्रेत शिट्ट्या मारणाऱ्या एका इसमास समज देऊन सोडल्याची बातमी होती. "नाव न्हाय छापलं," ते हळहळून म्हणाले, "पर सगळ्यांला ठावं हाय, त्यो मीच." पुढे होतं, नामांकित संस्थेचं सभासदत्व. "हाय की!" म्हणून त्यांनी साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला टेबलावर ठेवला. दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण केलं आहे का, ह्यावर त्यांनी सांगितलं की भावकीतल्या बहुतेक वाटण्यांना पंच म्हणून तेच बसले आहेत आणि अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही. मी डोकं धरलं. मान-सन्मान, पुरस्कार ह्या रकान्यापाशी आलो तेव्हा मात्र भाऊजींकडे टेबलावर ठेवायला काही उरलं नाही. शिळेला कोण पुरस्कार देणार? त्यांच्या शाळेतून त्यांना ह्याच गुणाबद्दल घरी पाठवलं होतं, तेवढीच काय ती दखल.

पण आमच्या भागात सन्मान नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. सन्मान नसेल तर घडवून आणतात. जाऊबाईंच्या भावानं मनावर घेतलं आणि आठवडाभरात गावात भाऊजींचा जाहीर सत्कार ठरला. मांडव पडला, हलगी आली, शाल आली, श्रीफळ आलं, आणि वेशीवर असा मोठा फ्लेक्स चढला की बैलगाडी त्याच्या सावलीत उभी राहावी. मीही हौसेनं गेले. पुढारी उशिरा आले, मग त्यांचा सत्कार झाला, मग त्यांचा सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला. प्रत्येकानं भाषणात भाऊजींना भूमिपुत्र म्हटलं. कुणीही शीळ हा शब्द उच्चारला नाही. आयाबाया बसलेल्या, चारचौघांत बरं दिसत नाही. शेवटी मी चिठ्ठी पाठवली की निदान सत्कारमूर्तींना शीळ तरी घालू द्या. सूत्रसंचालकानं चिठ्ठी वाचली, घसा खाकरला आणि वेळेअभावी आभारप्रदर्शन उरकून घेतलं. भाऊजी शाल पांघरून नवरदेवासारखे बसले होते. ओठ आपोआप गोल होत आणि ते पुन्हा सरळ करत.

मी त्या फ्लेक्सचा फोटो आणि सत्काराची चित्रफीत अर्जाला जोडून दिली. काही आठवड्यांनी विलायतेहून फार नम्र उत्तर आलं. त्यांनी विचारलं होतं की छायाचित्रातल्या ह्या सगळ्या सन्माननीय व्यक्तींपैकी अर्जदार नेमके कोणते? तेव्हा मी फ्लेक्स पहिल्यांदा नीट बघितला. वर पुढाऱ्यांचे चेहरे कलिंगडाएवढे, त्यांच्याखाली शुभेच्छुकांच्या रांगा, काळे चष्मे, फोनवर बोलणारे, हात जोडलेले. आणि अगदी खाली, छापखान्याच्या नावाशेजारी, सुपारीएवढे आमचे भाऊजी. चित्रफितीबद्दलही त्यांची एक अडचण होती. तीत अर्जदाराची कला त्यांना कुठे आढळली नव्हती. तरीही बाईच्या मंडळींचं पत्र पाहता त्यांना एक संधी द्यायची होती: ह्याच कलेत ज्यांचा अधिकार मानला जातो अशा जाणकार व्यक्तीची शिफारस पाठवावी. त्या कलेत अधिकार मानला जाईल असा आमच्या माहितीत एकच माणूस होता आणि तो कालव्याच्या पुलावर बसून थुंकत होता.

"आबांला न्हाय इचारायचं," भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, "अहो, एक अंगठा तर हवा!" ते म्हणाले, "वहिनी, आबा लबाड बोलत न्हाईत. न्हाय म्हनलं तर मग काय राहिलं?" ते इतकं हळू म्हणाले की मला एकदम उमगलं, व्हिसाचा निकाल लावणारं कार्यालय विलायतेत नव्हतंच कधी. तेव्हा मीच पदर खोचला आणि कळंबला गेले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "कागुद कसला?" म्हणाले. मी म्हटलं, "आबा, तुमचा लेक शीळ घालण्यात हुशार आहे, एवढं सांगायचंय." आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "सूनबाई, खोटं सांगून पोराला परमुलखात धाडू व्हय? तितं त्याची शीळ न्हाय चालली तर त्यानं तोंड कुठं लपवायचं? शेजारच्या रानात मेंढरं बसवल्यात. सांजच्याला त्याला घिऊन या."

ऊस तुटून गेला की आमच्याकडे मेंढपाळांना रानात कळप बसवायला बोलावतात. रानाला खत होतं. तसा एक कळप शेजारी उतरला होता. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा सूर्य पाचटाच्या धुरात तांबडा होऊन टेकला होता आणि मेंढरं रानभर पांगून धसकटं चघळत होती. कळपाच्या मालकानं आबांना ओळखून रामराम घातला. आबा म्हणाले, "मार." भाऊजींनी मारली. आधी सनई-क्लॅरिनेट मारली, मग भारद्वाज, मग बुलबुल. मेंढपाळाची बायको चूल सोडून ऐकायला आली, कुत्र्यानं कान टवकारले, पण मेंढरांनी धसकटावरचं तोंड उचललं नाही. "बघ," आबा म्हणाले आणि काठी टेकत बांधावरून घराकडे निघाले. भाऊजींच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मेंढपाळ समजुतीनं म्हणाला, "पाव्हणं, दुसऱ्याची मेंढरं न्हाय वळत. त्यांला धन्याचीच कळती." ते आबांना माहीत नव्हतं थोडंच?

तेव्हा भाऊजींनी जिभेखाली दोन बोटं घातली आणि ती बांधावरची, एकट्याची शीळ घातली. ती वर गेली, रेंगाळली आणि साऱ्या रानावरून खाली आली. मेंढरं नाही वळली. एकही नाही. पण लांब बांधावर पाठमोरे चाललेले आबा जागच्या जागी थांबले, आणि वळले. तसेच उभे राहिले, काठी हातात, मान वर, आणि त्यांची नजर आमच्यावर नव्हती. आमच्या पलीकडे, जिथे आता नुसता ऊस आहे तिथल्या कुठल्या तरी उतारावर होती. भाऊजींनी दुसऱ्यांदा घातली नाही. अंधारून येईपर्यंत बापलेक तसेच दोन टोकांना उभे होते, आणि मी मधे धसकटांत उभी राहून रडत होते. दुसऱ्या दिवशी आबांनी मला शब्द सांगितले, मी ते इंग्रजीत घातले आणि त्यांनी खाली अंगठा उठवला. शब्द थोडेच होते: "माझ्या लेकाची शीळ मी ऐकली. ती ऐकून मी माघारी फिरलो. मी अर्धं आयुष्य मेंढरं राखली. मला कळतं."

व्हिसा आला. भाऊजी गेले, जाताना विमानतळावर सामान तपासणाऱ्यासमोर शीळ घालून शेवटची बोलणी खाऊन गेले. आता तिथे खरंच अंधार करतात, माणसं गप्प बसतात आणि शेवटी उभी राहून टाळ्या वाजवतात म्हणे. जाऊबाईंचा कुकर आता खऱ्याच शिट्ट्या देतो, भात मऊ होतो, आणि त्या ताटावर बसल्या की म्हणतात, "भाताला चवच न्हाय बघा." मी सुट्टीत कळंबला जाते तेव्हा संध्याकाळी पुलावर आबांशेजारी बसते आणि भाऊजींना फोन लावून देते. परवा असाच लावला. भाऊजींनी तिकडून ती शीळ घातली. आबांनी फोनकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघितलं. मग कळप विकल्यापासून पहिल्यांदा त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि जोर लावला. तोंडात दात राहिले नाहीत. आवाज आलाच नाही, नुसता वारा आला. ते ओशाळून बोटं धोतराला पुसू लागले. पलीकडून भाऊजी म्हणाले, "ऐकू आली, आबा. काम संपलं की निघतो." आबांनी मान हलवली, फोन माझ्या हातात दिला आणि रस्त्याकडे बघत बसून राहिले.